नाडीचा काच सोडा: गरोदरपणात कामावर जाताना काय घालावं

गरोदरपणातल्या कपड्यांचा विषय निघाला की बोलणं लगेच सैल कुर्त्यांवर आणि गाउनवर जातं. पण कामावर आठ तास काढणाऱ्या बाईची खरी अडचण कमरेवर असते. संध्याकाळी घरी येऊन परकराची नाडी सोडल्यावर कमरेभोवती जो लाल वळ उठलेला दिसतो, बोट फिरवलं तर खोलगट लागतो आणि खाजवावंसं वाटतं, तिथून सुरुवात करायला हवी. नाडी असते जेमतेम अर्धा इंच रुंद. साडेपाच मीटर साडीचं वजन, निऱ्यांचा गठ्ठा आणि वाढतं पोट हे सगळं तिच्यावर. साडी घसरू नये म्हणून ती करकचून बांधली जाते, मग दुपारचं जेवण वर येतं, छातीत जळजळ होते आणि रोज त्याच जागी घासून कातडी काळी पडते. सलवारीच्या नाडीचंही तेच. म्हणून दुकानात जाण्याआधी कपाट उघडा आणि सगळ्या नाड्या काढून टाका. निम्मं काम तिथंच होतं.

नाडीऐवजी काय, ते नीट सांगते. परकराचा नेफा साधारण पाऊण ते एक इंचाचा असतो, त्यात रुंद इलॅस्टिक जातच नाही. तेव्हा तो पूर्ण उसवायचा आणि जागी होजिअरी कापडाचा, म्हणजे टी-शर्टसाठी वापरतात त्या ताणणाऱ्या सुती कापडाचा पट्टा लावायचा. पट्टा 9 इंच रुंद कापा. दुमडून, शिलाई जाऊन 4 इंच उरतो. कापड कोणत्या बाजूनं ताणतं ते आधी हातानं ओढून बघा. ताण कमरेभोवती आला पाहिजे. उभा आला तर पट्टा खाली लोंबतो आणि कमरेला मात्र तितकाच काचतो. पट्ट्याच्या आत, वरच्या घडीत दीड इंच रुंद इलॅस्टिक घाला. नुसत्या होजिअरीवर साडीचं वजन सकाळी टिकतं, दुपारी तीनपर्यंत ती ढिली पडते.

इलॅस्टिकचं माप बसून घ्यायचं. उभं राहून घेतलेलं माप हीच नेहमीची चूक, कारण खुर्चीत बसल्यावर पोट पुढं येतं आणि घेर एक-दोन इंचांनी वाढतो. टेप पोटावरून न नेता पोटाखालून, दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांवरून न्या. तिथं 38 इंच भरलं तर इलॅस्टिक 34 ते 35 इंच. घातल्यावर बसून दोन बोटं आरामात आत गेली पाहिजेत. मागच्या बाजूला पट्ट्याला दोन इंच शिलाई मारायची नाही, तिथून इलॅस्टिक बाहेर काढता आलं पाहिजे. सातव्या महिन्यात ते दोन-तीन इंचांनी वाढवावं लागतं. शिलाईला मशिनवर गोल टोकाची, बॉल पॉइंट सुई हवी आणि टाका नागमोडी. साध्या सुईनं होजिअरीला बारीक भोकं पडतात आणि धुतल्यावर ती उसवत जातात. सरळ टाका पहिल्यांदा ताणताच तुटतो. आपल्या टेलरताईंना हे आधीच सांगून ठेवा, कारण बहुतेकींच्या मशिनवर साधी सुई लावलेली असते.

साडी घसरेल अशी भीती सगळ्यांनाच वाटते. पट्टा पोटाखाली कमरेच्या हाडांवर टेकला की घसरत नाही. वजन हाडावर जातं, पोटावर येत नाही. पुढून खाली आणि मागून थोडा वर, असा तिरका बसतो तो बरोबर बसला.

निऱ्या पाच किंवा सहाच घ्या. आठ-नऊ निऱ्यांचा गठ्ठा पोटाखाली खोचला की बसताना तोच टोचतो. कमी निऱ्यांमुळं जास्तीची साडी उरते, ती दुसऱ्या फेऱ्यात मागच्या बाजूला एक रुंद चुणी घेऊन जिरवा. निऱ्या एकत्र धरून खोचण्याच्या जागेच्या चार इंच खाली आतून सेफ्टी पिन लावा, म्हणजे चालताना त्या फाकत नाहीत. अगदी मधोमध न खोचता थोड्या डावीकडं खोचा. खोचलेल्या जागी पिन नको. वाकलं की तिचं तोंड उघडतं. साडीची खालची कड पुढून जमिनीपासून दीड इंच वर ठेवा. सहाव्या महिन्यानंतर स्वतःचे पाय स्वतःला दिसत नाहीत, जिन्यावर फॉल पायाखाली आला तर कळतही नाही. सरकारी कार्यालयांचे जुने जिने आणि शाळांच्या पायऱ्या आठवा, मग हा दीड इंच किती मोलाचा ते पटेल.

कोणती साडी, हेही महत्त्वाचं. मऊ सुती, मलमल, हलकी लिनन उत्तम. खळ दिलेली कडक कॉटनची साडी पोटावर फुगून उभी राहते आणि घामही टिपत नाही. त्या साड्यांना या काळात अगदी पातळ खळ द्या किंवा देऊच नका. आपल्याकडच्या इरकली दिसायला देखण्या, पण जाड आणि जड. सण किंवा डोहाळजेवणासाठी ठीक, दिवसभर वर्गात उभं राहायला नकोत. खणाचा ब्लाउज तर पाचव्या महिन्यानंतर कपाटातच राहू द्या. खण जरासुद्धा ताणत नाही. आणि नऊवारी नेसून काम करणाऱ्या बायकांनी पोटावरची गाठ सोडून ती बाजूला, हाडावर घ्यावी. काष्टा करकचून ओढू नये, मांड्यांच्या मध्ये घामानं चट्टे पडतात.

आता कुर्ता. कामावर नीटनेटकं दिसण्याचा प्रश्न खरा इथंच आहे. पोट वाढलं की बहुतेक जणी दोन माप मोठा तयार कुर्ता घेतात. पोटाला तो होतो, पण खांदे बाहेर लोंबतात, पुढं वाकलं की गळा उघडा पडतो, बाही मनगटावर येते आणि एकूण कुणाचा तरी कुर्ता मागून घातल्यासारखं दिसतं. खरं तर खांदे आणि पाठ या काळातही जवळपास होते तेवढेच राहतात; वाढतं ते छातीचं आणि पोटाचं माप. म्हणून कुर्ता खांद्यात नेमका बसणारा आणि छातीखालून सुटणारा हवा. माणूस टापटीप दिसतं ते खांद्याच्या शिलाईवरून. खांदा जागेवर असेल तर खालचा घेर कितीही असू दे, कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

शिवून घेणार असाल तर टेलरताईंना एवढं सांगा. छातीखाली योकची, म्हणजे वरचा वेगळा कापलेला तुकडा जिथं खालच्या घेराला जोडतात तिथली, शिलाई येऊ दे, पण आजच्या मापापेक्षा एक इंच खाली. पुढच्या महिन्यांत छाती भरते आणि शिलाई आपोआप वर सरकते. आज बरोबर बसलेला योक सातव्या महिन्यात छातीच्या मधोमध येतो आणि ते फार वाईट दिसतं. योकखालच्या चुण्या पूर्ण घेराला नकोत. पुढं मधल्या आठ इंचांतच चुण्या, बाजू साध्या आणि पाठीला दोन उभे टक्स. सगळीकडं चुण्या घातल्या की लहान मुलीचा फ्रॉक होतो. मागून टक्स असले की मागून बघणाऱ्याला नेहमीचाच कुर्ता दिसतो.

आणि सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट म्हणजे पुढच्या भागाची उंची. पोट कापड वर उचलून घेतं. त्यामुळं आठव्या महिन्यात बाजूनं पाहिलं तर कुर्त्याची पुढची कड मागच्यापेक्षा चांगली दोन इंच वर गेलेली असते. बाई कशीही उभी राहिली तरी कुर्ता आखूड झाल्यासारखा दिसतो. उपाय कापतानाच करायचा असतो: पुढचा भाग मधोमध दोन इंच जास्त लांब कापायचा आणि बाजूच्या शिलाईपर्यंत तो उतार शून्यावर आणायचा. सुरुवातीला खालच्या कडेला थोडी गोलाई दिसेल, ती आत दुमडून हातशिलाई मारून ठेवा आणि सहाव्या महिन्यात सोडा. बाजूचे कट नेहमीपेक्षा तीन इंच खाली सुरू करा. पोट पुढं आलं की पुढची बाजू ओढली जाते, आणि कट कमरेपाशी असेल तर तो फाकतो आणि आतली सलवार किंवा पँटचा पट्टा उघडा पडतो.

बाजूच्या शिलाईत दीड इंचाचं मार्जिन ठेवायला सांगा. पुढं-मागं, दोन्ही बाजू मिळून चार कडा होतात. प्रत्येकीतून एक इंच सोडला की घेर चार इंचांनी वाढतो. एका उसवणीत दोन महिने निघतात. कापड मात्र आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, वाळवून मगच कापायला द्या. सुती कापड पहिल्या धुण्यात आकसतं, आणि मग चार इंचांच्या हिशेबातले दोन तिथंच जातात.

बाही पाऊण आणि कोपरावर सरकेल एवढी सैल. तपासणीला गेल्यावर रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर बांधतात. चुडीदार बाही असेल तर ती वर चढत नाही, अर्धवट चढली तर वरच आवळते. त्याच कारणानं तपासणीच्या दिवशी एकसंध ड्रेस नको. पोट तपासताना वरचा कपडा वर घेता आला की काम भागतं. कामावरून मधल्या सुट्टीत मिरजेला दवाखाना गाठून परत हजर व्हायचं असेल, तर हे दोन-तीन मिनिटांचं सोपं होणं फार उपयोगी पडतं.

पुढं गळ्यापासून 10-12 इंचांची बटणपट्टी करून घ्या. आत्ता तिचा उपयोग वारा येण्यापुरता, पण बाळंतपणानंतर अंगावर पाजताना हाच कुर्ता आणखी वर्षभर कामाला येतो. प्रेस बटणं नकोत. छाती भरली की ती ऐन मीटिंगमध्ये उघडतात. काज-बटणच बरं, आणि दोन बटणांमधलं अंतर अडीच इंचांपेक्षा जास्त नको, नाहीतर मधे फट पडते.

पँट घालणाऱ्यांसाठी. चौथ्या महिन्यापर्यंत बटणाला केसांचं रबर अडकवून काजातून ओढून पुन्हा बटणालाच घालायचं, ही युक्ती चालते. वर लांब कुर्ता असला की दिसत नाही. त्यापुढं चेन खाली सरकायला लागते. मग जुनी सरळ कापाची पँट घ्या, कमरपट्टा आणि चेन कापून टाका, पुढून पोटाखालच्या रेषेपर्यंत गोलाकार खाली उतरा आणि तिथं आठ इंच उंच होजिअरीचा नळा जोडा. हा नळा पोटावर चढवायचा किंवा उन्हाळ्यात दुमडून पोटाखाली ठेवायचा. लेगिंग्ज सगळ्यांना सोप्या वाटतात आणि घरात त्या ठीकच आहेत. पण कामाच्या खुर्चीत दिवसभर घट्ट लेगिंग, त्यात कृत्रिम धाग्याची, म्हणजे जांघेत घाम आणि बुरशीची खाज. या काळात ती खाज एकदा लागली की लवकर जात नाही. आतली वस्त्रं पूर्ण सुतीच हवीत. एक जास्तीचं पर्समध्ये ठेवा आणि दुपारी बदला. यात लाजण्यासारखं काही नाही.

ब्रेसियरबद्दल थोडक्यात सांगून भागणार नाही, कारण सगळ्यात जास्त त्रास इथं सोसला जातो आणि कुणी बोलत नाही. छातीत बदल दुसऱ्या महिन्यापासूनच सुरू होतो, पोट दिसायच्या कितीतरी आधी. नुसता कप वाढत नाही, बरगड्यांचा पिंजराही रुंदावतो, म्हणून खालचा पट्टा आवळतो. माप दोनदा बदलतं असं धरून चाला: एकदा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, एकदा आठव्याच्या आसपास. पहिल्या वेळी घेताना सगळ्यात आतल्या, म्हणजे घट्ट हुकावर नीट बसणारी घ्या, पुढं बाहेरच्या हुकांवर जाता येतं. तीन रांगांचे हूक असलेली शोधा. दुकानात हुकांची जोडपट्टीही मिळते. तिनं पट्टा दीड-दोन इंचांनी वाढतो, पण कप वाढत नाही. कपातून छाती वर किंवा बगलेकडं येत असेल तर जोडपट्टी लावून निभावू नका. तारेची नको. पट्ट्या पाऊण इंच तरी रुंद हव्यात, बारीक पट्टी खांद्यात रुतते आणि मान धरते. दुसऱ्या वेळी घेताना थेट अंगावर पाजण्याची, पुढून कप उघडणारी घ्या, म्हणजे पैसे वाया जात नाहीत. आठव्या महिन्यात थोडा चीक येऊ शकतो. ते नैसर्गिक आहे, पण एकरंगी फिक्या कुर्त्यावर डाग उमटतो. सुती कापडाचे गोल तुकडे चार पदरी शिवून आत ठेवा. छातीखालच्या घडीत घाम साठतो. आंघोळीनंतर तिथं टॉवेलनं टिपून पूर्ण कोरडं केल्याशिवाय कपडे चढवू नका.

ब्लाउजला पुढून हूक, कटोरीऐवजी साधे टक्स, आणि दोन्ही बगलांत एकेक इंच मार्जिन. प्रिन्सेस कटचा ब्लाउज उसवून सहज वाढवता येत नाही, त्याच्या शिलाया छातीवरून जातात.

कापडाचं सांगलीपुरतं बोलते. मार्च संपता संपता ऊन चढतं, एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या आसपास जातो, आणि या दिवसांत गरोदर बाईला इतरांपेक्षा जास्त उकडतं, कारण अंगातलं रक्तच जवळपास दीडपट होत जातं. पॉपलिन, कॅम्ब्रिक, मलमल ही आपल्या शेजारच्या इचलकरंजीच्या मागांवरची कापडं कापड पेठेत सहज मिळतात आणि तीच उत्तम. 44 इंच पन्ह्याचं अडीच मीटर घेतलं तर गुडघ्याखाली जाणारा कुर्ता होतो, चुण्यांसाठी तीन मीटर घ्या. रेयॉन अंगावर छान पडतं, पोटावर फुगत नाही. पण घाम आला की चिकटतं आणि धुतल्यावर उंचीला आटतं. कॉटन म्हणून दिलेलं कापड खरंच सुती आहे का ते बघायचं असेल तर कडेचा एक दोरा काढून पेटवा. कागद जळल्यासारखा वास आणि बोटात चुरडणारी राख म्हणजे सूत किंवा रेयॉन. वितळून काळा कडक मणी झाला तर पॉलिस्टर मिसळलेलं आहे. राखाडी आणि आकाशी रंगांवर घामाचे डाग सगळ्यात जास्त दिसतात. पांढरा, गडद निळा आणि बारीक छापील कापड लपवून घेतं.

पावसाळ्याचा हिशेब वेगळा. शिराळ्याकडं, चांदोलीच्या बाजूला ज्यांची नोकरी, त्यांचे सुती कपडे जुलै-ऑगस्टमध्ये दोन-दोन दिवस वाळत नाहीत. तिथं दोन संच जास्त लागतात, आणि आतली वस्त्रं इस्त्री फिरवून पूर्ण कोरडी करूनच घालावीत. जत-आटपाडीकडच्या शाळांत उलट प्रकार, कोरडं ऊन आणि धूळ. तिथं पातळ पण पूर्ण बाहीचं कापड अंगाला जास्त गार ठेवतं, उघडे हात तापतात. बँकेत किंवा एसी असलेल्या कार्यालयात एक सुती स्टोल टेबलाच्या खणात कायमचा ठेवून द्या.

कामाच्या ठिकाणच्या नियमांची काळजी अनेकींना असते. राज्य शासनानं डिसेंबर 2020 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांच्या पेहरावाबद्दल जे परिपत्रक काढलं, त्यात महिलांना साडी, सलवार, चुडीदार-कुर्ता आणि ट्राउझरवर कुर्ता किंवा शर्ट हे चालतं. स्लीपर मात्र चालत नाही. म्हणजे वर सांगितलेली होजिअरीच्या नळ्याची पँट आणि लांब कुर्ता हे पूर्ण नियमात आहे. शिक्षिकांसाठी मार्च 2024 मध्ये वेगळ्या सूचना आल्या: साडी किंवा सलवार, चुडीदार, कुर्ता, दुपट्टा चालतो; जीन्स, टी-शर्ट आणि चित्रविचित्र नक्षीचे कपडे नकोत. शाळेत सलवार-कुर्ता चालतो हे अजूनही काही ठिकाणी नुसतं कुजबुजत विचारलं जातं. तो चालतो, आणि सातव्या महिन्यात तो साडीपेक्षा सुरक्षितही आहे. वकील भगिनींना जिल्हा न्यायालयात उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती नसते. बाकीच्या महिन्यांत कोट खांद्यात बसणाराच ठेवा आणि बटणं उघडी सोडा, मोठा कोट घेऊ नका.

गणवेश असलेल्या नोकऱ्यांत, म्हणजे परिचारिका, लॅब, कुपवाडच्या एमआयडीसीतले कारखाने, तिथं चौथ्या महिन्यातच दोन जास्तीचे टॉप मागून घ्या. अर्ज, मंजुरी, शिवण यात महिना जातो. मिळणारा मोठ्या मापाचा टॉप खांद्यात उतरवून घ्या आणि दोन्ही बाजूंना कंबरेपासून खाली सहा इंच रुंद त्रिकोणी कळी लावा, त्याच कापडाची. मशिनजवळ काम असेल तर ओढणी, लोंबता पदर, कमरेची सैल नाडी यातलं काहीच नको. वाढलेल्या पोटामुळं मशिनपासूनचं अंतर आपल्याला वाटतं त्यापेक्षा कमी असतं.

किती कपडे लागतात? बाळंतपणाच्या 26 आठवड्यांच्या कायदेशीर रजेतले जास्तीत जास्त आठच आठवडे तारखेच्या आधी घेता येतात, आणि बाळाजवळ जास्त दिवस मिळावेत म्हणून पुष्कळ जणी तेही कमीच घेतात. गर्भाशय बाराव्या आठवड्याच्या सुमारास ओटीपोटातून वर येतं, विसाव्या आठवड्याला बेंबीपाशी पोचतं. म्हणजे खास कपड्यांची गरज साधारण चौथ्या महिन्यापासून आठव्या-नवव्यापर्यंत, पाचेक महिने. सहा दिवसांच्या आठवड्याला चार कुर्ते, तीन खालचे कपडे आणि साडी नेसणाऱ्यांना तीन परकर, चार सैल केलेले ब्लाउज पुरतात. सगळं एकदम घेऊ नका. निम्मं चौथ्यात, निम्मं सातव्यात. पोट प्रत्येकीचं वेगळं वाढतं, कुणाचं पुढं, कुणाचं बाजूंना.

पहिल्या तीन महिन्यांत कुणाला सांगायचं नसतं, त्याची सोय सोपी आहे: बारीक छापील कुर्ता, ओढणी दोन्ही खांद्यांवर, बेल्ट बंद. या दिवसांत त्रास कपड्याच्या वासाचा होतो. डांबर गोळ्यांत ठेवलेली साडी दोन दिवस वाऱ्यावर टाकल्याशिवाय नेसू नका. बाळाच्या कपड्यांत तर त्या गोळ्या अजिबात ठेवू नका. काही बाळांच्या रक्तपेशी त्यानं फुटतात आणि कावीळ वाढते.

पाय सांभाळा. पायाची कमान सपाट होते, संध्याकाळी सूज येते, पाऊल अर्ध्या ते एका मापानं वाढतं. म्हणून पादत्राणं संध्याकाळीच, दिवसभराचे पाय घेऊन विकत घ्या. अगदी सपाट नको आणि उंच टाचही नको. एक ते दीड इंचाची रुंद टाच, मागं पट्टा, तळ रबराचा. बंद-उघड करायला वेल्क्रो हवा, आठव्या महिन्यात वाकून बक्कल लावता येत नाही. कोल्हापुरी चप्पल आपल्याकडं सर्रास वापरतात, पण तिचा तळ कडक, मागं पट्टा नाही आणि ओल्या फरशीवर ती सटकते. बसून काम असेल आणि पाऊस नसेल तर ठीक. शिरांच्या गाठी दिसत असतील तर डॉक्टर दाबाचे मोजे सुचवतात. ते घोट्याच्या आणि पोटरीच्या मापानं घ्यायचे असतात आणि सकाळी अंथरुणातून पाय खाली टेकवण्याआधी चढवायचे असतात, सूज उतरल्यावर. दहा वाजता ऑफिसला पोचून घालून फारसा उपयोग नाही.

जोडवी, अंगठी आणि बांगड्या यांचं आधीच ठरवा. जोडवी टोकं उघडी असलेली, सैल करता येणारी घ्या. बंद वळ्याची असतील तर सहाव्या महिन्यात, सकाळी, बोटाला तेल लावून काढून ठेवा. काढायला मन होत नसेल तर दोऱ्यात ओवून जवळ ठेवा. सुजलेल्या बोटात अडकलेली जोडवी शेवटी कापावी लागते. एक मात्र नीट लक्षात घ्या: पायाला हळूहळू संध्याकाळी येणारी सूज वेगळी. अंगठी किंवा बांगडी दोन-चार दिवसांत एकाएकी घट्ट झाली, चेहरा सुजला, डोकं सतत दुखतंय, डोळ्यांपुढं काजवे चमकतात, तर तो रक्तदाबाचा इशारा असू शकतो. त्याच दिवशी तपासून घ्या. एकच पाय सुजून दुखत असेल, तरीही थांबू नका.

सांगली-मिरज रस्त्यावर गाडीवरून जाणाऱ्यांना डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तर ओढणी घरी ठेवा किंवा दोन्ही टोकं कुर्त्यात खोचून पिन करा. वाऱ्यानं सुटलेली ओढणी चाकात जाते आणि गळा आवळते. मागं बसणारीनं साडीचा पदर पुढं घेऊन मांडीखाली दाबावा. रेनकोट पोंचोसारखा नको, त्यात वारा भरतो. पुरुषी मोठ्या मापाचं जॅकेट घ्या, आणि त्याच्या पँटच्या नाडीलाही वर सांगितलं तेच करा. चारचाकीत सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटाखालून, मांड्यांच्या वरून जायला हवा. निऱ्यांचा गठ्ठा मध्ये आला तर तो पट्टा पोटावर चढतो, म्हणून बसल्यावर निऱ्या आधी सारख्या करा.

पोटाचा आधारपट्टा डॉक्टरांनी सांगितला तरच घ्या. पातळ सुती बनियनवरून बांधा, उभ्या कामाच्या दोन-तीन तासांपुरता, आणि बसताना सोडा.

बाळंतपणानंतर टेलरताईंकडं घाई करू नका. गर्भाशय मूळ आकाराला यायला सहा आठवडे लागतात, पोट आणि छाती त्याहून उशिरा स्थिरावतात. कामावर परतताना हेच कुर्ते, याच बटणपट्ट्या आणि हेच रुंद पट्ट्याचे परकर घालायचे आहेत. शिलाई आत घ्यायची वेळ येईल तेव्हा मार्जिन कापू देऊ नका, नुसती आत मारून घ्या.